शेवग्याखालचं कोकरू

गेल्या उन्हाळ्यात पदमपुऱ्यातलं आमचं जुनं घर पाडलं. तिथं आता चार मजली इमारत उभी राहते आहे. मागच्या परसात खांबांसाठी खड्डे घेताना मातीबरोबर एक लहानसा जबडा वर आला आणि मजुरांनी काम थांबवलं. माझ्या थोरल्या भावाचा नातू तो जबडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकलठाण्याला माझ्याकडे घेऊन आला. मी इथं मुलीकडे राहतो.

"आजोबा, तुम्ही गुरांचे डॉक्टर. बघा बरं हे काय आहे," तो म्हणाला. "पप्पा म्हणतात हात लावू नको, नदीत सोडून ये. मजूर म्हणतात लेकराचं आहे."

मी चष्मा लावला. खालचा अर्धा जबडा होता, बोटभर लांबीचा, मातीनं तांबूस झालेला. मागच्या बाजूला दुधाच्या दाढा नुकत्याच वर आलेल्या, शिखरं अजून झिजायची होती.

"मेंढीचं कोकरू आहे," मी म्हणालो. "महिना-दीड महिन्याचं असेल."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यानं तिथूनच बापाला फोन लावला. "पप्पा, मेंढीचं पिल्लू आहे म्हणतात आजोबा. हो, नक्की म्हणतात. कामाला लावू का माणसं?" पिशवी टेबलावरच सोडून तो चहा न घेता निघून गेला.

चष्मा लावून काढण्याइतक्या वेळात मी ते वाक्य बोललो होतो. हेच वाक्य मी त्याच परसात, त्याच कोकराबद्दल, वयाच्या विशीत बोलायला हवं होतं. तेव्हा मी बोललो नाही म्हणून एका बाईचं घर गेलं आणि नावही गेलं. ती माझी थोरली वहिनी. आज मी नव्वदीच्या पलीकडे आहे. ज्यांच्यापुढे बोलायला हवं होतं त्यातलं कुणी उरलेलं नाही. तरी जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे.

आमचं घराणं मेंढपाळांचं. मूळ गाव लासूर स्टेशनच्या पुढं. आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पदमपुऱ्यात दोन खोल्या आणि मागं मोठं परस अशी जागा धरली होती. मेंढरं गावाकडं असत, पावसाळा संपला की खांड, म्हणजे कळप, चराईला निघे. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, शहरातल्या कापडगिरणीत काम मिळालं होतं. रझाकारांचे दिवस आले तेव्हा माय आणि मी मेंढरांबरोबर निजामाच्या सरहद्दीपलीकडे, नांदगावच्या अंगाला होतो. घरात दादा, नवी लग्न झालेली वहिनी आणि अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले आबा, एवढीच माणसं.

एका संध्याकाळी दादाला कुणीतरी येऊन सांगितलं की रझाकारांत तुझं नाव घेतलं जातंय. तो नेसत्या वस्त्रानिशी निघाला. आबांना हलवता येत नव्हतं आणि कुणीतरी त्यांच्याजवळ राहणं भाग होतं. दोन दिवसांत माणूस पाठवतो असं वहिनीला सांगून तो आमच्याकडे आला. माणूस पाठवता आला नाही. रस्ते बंद झाले, मग पाऊस लागला. आबा त्यातच गेले. शेजारी एक मुसलमान कुटुंब राहत होतं, त्या घरातल्या म्हाताऱ्यानं आणि त्याच्या मुलांनी आबांना खांदा दिला हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पोलीस ॲक्शन झाली आणि आम्ही परतलो तेव्हा वहिनी दारात उभी होती. गालफडं बसलेली, केसांना तेल नाही. मायनं तिच्या गळ्यात पडून आबांसाठी आक्रोश केला. दादा ओट्यावर बसून राहिला. त्या महिन्यांबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. शेजारचं कुटुंब काही दिवसांनी घर विकून हैदराबादकडे गेलं. जाताना त्यांच्या म्हातारीनं वहिनीला कवटाळलं होतं एवढं मला आठवतं.

पुढची काही वर्षं तशी सरळ गेली. फक्त वहिनीला मूल झालं नाही. मायचं बोलणं हळूहळू त्या बाजूला झुकत गेलं. शेजारणीची सून बाळंत झाली की माय अंगणात मोठ्यानं म्हणायची, "आमच्या घरी बी पाळणा हाये, पर माळ्यावर." वहिनी भाकरी थापत राही.

मला गुरांच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी हैदराबादला पाठवलं. तिथं आमचे एक वयस्क उस्ताद होते, जुन्या जमान्यातले. हाडं शिकवायची त्यांची एक पद्धत होती. विद्यार्थ्याला भिंतीकडे पाठ करून उभं करायचे, दोन्ही हात मागं घ्यायला लावायचे आणि हातात हाड ठेवायचे. कुठल्या जनावराचं, कुठल्या पायाचं, डावं की उजवं, हे न बघता सांगायचं. "आँख धोका देती है, अंगूठा नहीं," असं ते म्हणत. महिनाभरात आमचे अंगठे आपोआप हाडावरून फिरायला लागले. मेंढरा-गुरांची नळी म्हणजे खुरावरचं लांब हाड. पुढून त्यावर मधोमध वरपासून खालपर्यंत बारीक खाच असते, आणि खालच्या टोकाला ते हाड दुभंगतं, कारण खुरं दोन असतात. घोड्याच्या नळीला असं टोक नसतं. माणसाच्या अंगात तर असं हाडच नाही, लेकराच्या नाही आणि म्हाताऱ्याच्याही नाही. अंगठा खाचेत बसला की बाकी काही बघावं लागत नाही.

मी पहिल्या सुट्टीला घरी आलो त्या दिवशी मटण शिजलं होतं. जेवणं झाली. वहिनी चुलीपाशी भांडी गोळा करत होती. मी तिला उस्तादांची गंमत सांगितली.

"असं कसं व्हईल, भाऊजी?" ती म्हणाली. "व्हा पाठमोरे. मी देते."

मी पाठमोरा झालो. तिनं ताटातली हाडं धुऊन माझ्या हातात एकेक ठेवायला सुरुवात केली.

"हे?"

"फासळी."

"फासळी तर आंधळाबी सांगंल. हे?"

"खांद्याचा फरा. उजवा."

"आन् हे?"

माझा अंगठा खाचेतून खाली घसरत गेला आणि दुभंगलेल्या टोकावर थांबला. "नळी. मेंढराची."

"शेळीची नसंल कशावरून?"

"बाजारातून मीच आणलंय म्हणून."

ती हसली. पदर तोंडाशी धरून बराच वेळ हसत राहिली. "सरकार तुमाला हाडं चाचपायचा पगार देनार व्हय? आमच्या घरची कुत्री तुमच्या आधी साहेब व्हतील."

मीही हसलो. तेवढ्यात बाहेरून मायचा आवाज आला, "दिराला आन् भावजयीला येवढं हसू कशाचं फुटतंय? आवरा आता." आवाज मोठा नव्हता. पण वहिनीचं हसू तिथंच थांबलं आणि मीही हात धुऊन बाहेर आलो. त्या वाक्याचा काटा माझ्या अंगात राहिला. पुढं जे झालं त्यात त्या काट्याचा वाटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि मी परसात न्हाणीचा पाया खणायला घेतला. कोपऱ्यात शेवग्याचं झाड होतं, त्याच्या बुडाशी. दादा कुदळ चालवत होता, मी घमेल्यानं माती बाहेर टाकत होतो. कुदळीचा एक घाव मऊ पडला. दादानं हातानं माती बाजूला केली तर कुजलेलं लुगड्याचं फडकं वर आलं. लुगड्याचे काठ ओळखू येत होते. फडक्याला आतून हळदीचा रंग अजून धरलेला होता. आणि त्यात बारीक हाडं.

माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. कुदळीचा आवाज थांबला म्हणून ती उठून आली. तिनं फडकं पाहिलं, हळद पाहिली आणि मागं सरली.

"हे लेकरू हाये," ती म्हणाली.

मेंढरांत जन्म गेलेल्या बाईला कोकराची हाडं कळली नाहीत का, असं कुणी मला विचारेल. तर त्याचं उत्तर हे की हाडांकडे कुणी बघितलंच नाही. आमच्या घरांत मेंढरू मेलं तर त्याचं कातडं काढतात. खाण्याजोगं असलं तर खातात, रोगानं गेलं असलं तर लांब माळावर टाकतात. मेंढरू कुणी पुरत नाही. लुगड्यात गुंडाळून, हळद लावून पुरतात ते तान्ह्या लेकराला. फडकं आणि हळद दिसल्यावर मायच्या लेखी सगळं ठरलं होतं. त्यातून कुदळीनं डोक्याच्या कवटीच्या ठिकऱ्या झाल्या होत्या, आणि जबडा मातीतच राहिला होता. तोच गेल्या उन्हाळ्यात वर आला.

वहिनी आतून आली. खड्ड्याकडे बघून तिचा हात छातीशी गेला.

"ते कोकरू हाये, सासूबाई," ती म्हणाली. "पाऊस लागला तवा दारावरनं गेलेल्या एका खांडातलं आजारी कोकरू मागं ऱ्हायलं व्हतं. त्याची माय मेली व्हती. मीच बोळ्यानं दूध पाजून जगवलं."

"दूध कुठलं आनलं?"

"शेजारच्या चाचीनं दिलं. त्यांची शेळी व्हती."

"आन् मेल्यावर सोलायचं सोडून लुगड्यात गुंडाळलं? हळद लावून?" मायचा आवाज चढला नाही. "मेंढराच्या घरची लेक तू. मेंढरू पुरलेलं कदी बघितलंस का?"

"आबा गेल्यावर घरात तेच एक व्हतं," वहिनी म्हणाली. "सोलवलं नाय मला."

"मंग आमाला सांगितलं का नाय?"

"तुमी हसला असता."

मायनं शेजारच्या, आता दुसऱ्याच कुणाच्या झालेल्या, घराकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यातच सगळं बोलणं आलं. दादा नसताना वहिनी घरात एकटी होती, शेजारी कोण होतं, महिने किती गेले. दादानं कुदळ खाली ठेवली होती आणि तो खड्ड्याच्या काठावर मातीकडे बघत बसला होता.

तेव्हा वहिनी माझ्याकडे वळली. आदल्या संध्याकाळचं सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. "भाऊजी, तुमी बघा. तुमाला कळतंय."

माय म्हणाली, "व्हय, धाकट्या, तू शिकतोयस. सांग."

मी वाकलो आणि फडक्यातून एक हाड उचललं. पेन्सिलीएवढं बारीक, खालच्या टोकावरच्या टोप्या गळून पडलेल्या. माझा अंगठा त्याच्यावर फिरला. मधोमध खाच होती. शेवटाला हाड दोन वाटांनी फुटलं होतं.

मला कळलं. त्यात शंकेला जागा नव्हती.

मी वर बघितलं. माय माझ्याकडे बघत होती, माझ्याकडे आणि मग वहिनीकडे. आदल्या संध्याकाळचं वाक्य तिच्या तोंडावर तयार होतं. मी वहिनीची बाजू घेतली असती तर ते वाक्य पुन्हा आलं असतं, या वेळी दादासमोर, दिवसाउजेडी. दादानंही मान वर केली होती. त्याच्या नजरेत राग नव्हता. आज मला वाटतं ती सुटकेची वाट बघणारी नजर होती. तो तिला सोडून गेला होता, ते ओझं त्यानं वर्षानुवर्षं वागवलं होतं. तिच्याकडून काही चूक झाली असेल तर त्याचं ओझं उतरणार होतं. पण दादाचं मन तेव्हा मला एवढं वाचता आलं होतं असं म्हणणं खोटं होईल. तेव्हा मी फक्त माझा जीव वाचवला.

"लई लहान हाडं हायेत," मी म्हणालो. "सांगता येत नाही."

वहिनीनं माझ्या हाताकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. मग ती आत गेली.

मायनं बाकीची हाडं त्याच फडक्यात गुंडाळून त्याच जागी पुन्हा पुरायला लावली. लेकराचे अवशेष टाकून द्यायचे नसतात म्हणून. न्हाणी दुसऱ्या कोपऱ्यात बांधली. माझ्या हातातलं हाड माझ्या खिशात कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी सदरा काढताना ते सापडलं.

त्याच आठवड्यात दादा वहिनीला पैठणच्या मोटारीवर घालून आला. तिचं माहेर गोदाकाठी होतं, पैठणच्या वरच्या अंगाला. निघताना ती मायच्या पाया पडायला वाकली, मायनं पाय मागं घेतले. मी दाराशी उभा होतो. आपल्याकडं घरातून निघताना बाई 'येते' म्हणते, 'जाते' म्हणत नाही. ती माझ्यासमोर थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊजी, जाते."

वर्षाच्या आत लासूरकडची मुलगी दादाला करून आणली. नवी वहिनी साधी, कष्टाळू बाई होती. तिच्याविरुद्ध माझ्याकडे लिहायला एक शब्द नाही. तिला एक मुलगा झाला, तोच माझा पुतण्या. मुलगा लहानपणी आजारी पडला तेव्हा मायनं तिला शेवग्याच्या बुडाशी दुधाची वाटी ठेवायला लावली. तिथं लेकरू पुरलेलं आहे, त्याचं भागवलं नाही तर ते या लेकराला त्रास देतं, असं मायनं तिला सांगितलं होतं. मुलगा बरा झाला. तेव्हापासून दर अमावास्येला त्या कोपऱ्यात दूध ठेवायची रीत पडली. मी सुट्टीला घरी यायचो तेव्हा ती वाटी दिसायची. मांजर येऊन दूध पिऊन जायचं. नवी वहिनी हात जोडून उभी असायची आणि मी पेपर वाचत असायचो.

मी नोकरीला लागलो. जिल्ह्यात ठिकठिकाणी दवाखाने बघितले. नव्या मुलांना, जे गावोगावी जाऊन लसटोचणी करणार होते, त्यांना हाडं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी उस्तादांचीच पद्धत चालवली. मुलांना पाठमोरं उभं करायचो. माझ्या पेटीत इतर हाडांबरोबर ती बारीक नळीही असे. तिच्याबद्दल एकाही मुलानं मला सांगता येत नाही असं उत्तर दिलं नाही. हुशार मुलगा असो की मठ्ठ, अंगठा खाचेत गेला की म्हणायचा, "कोकराची नळी, साहेब." मी मान डोलवून पुढचं हाड द्यायचो. ती नळी पेटीतून काढून टाकावी असं मला अनेकदा वाटलं. काढली नाही.

वहिनी मला पुन्हा एकदाच भेटली. धरणाचं काम चालू होतं, तिचं गाव पाण्याखाली जाणार होतं आणि लोक नव्या जागी घरं बांधत होते. मी तिकडं मेंढ्यांच्या लसटोचणीला गेलो होतो. एक बाई पाच-सहा मेंढ्या घेऊन रांगेत उभी होती. केस पिकलेले. मी आधी मेंढीचा कान धरला, मग वर बघितलं.

"भाऊजी, हळू टोचा," ती म्हणाली. "ती गाभन हाये."

टोचणी संपल्यावर ती लिंबाखाली बसली होती, मी तिथं गेलो. तिनंच विचारलं, माय कशी आहे, दादाच्या मुलाला शाळेत घातलं का. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमाला तवाच कळलं व्हतं ना?"

मी खालची एक लिंबोळी उचलून बोटांत फिरवायला लागलो.

"तुमचा अंगठा बघत व्हते मी. खाचंतून खाली गेला आन् टोकाला थांबला. आदल्या सांजंला चुलीपाशी थांबला व्हता तसाच." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग हवा होता. "म्या म्हनलं, आता हे सांगत्याल. आन् तुमी म्हनले, सांगता येत नाय."

"वहिनी, मी घाबरलो."

"व्हय. मीबी सात-आठ महिने घाबरले व्हते त्या घरात." ती एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मला आता तिकडं यायचं नाय. माजं भावाच्या घरी बरं चाललंय. पर सासूबाई हायेत तवर त्यांच्या कानावर घाला. ज्या चाचीनं कोकराला दूध दिलं तिच्या घरावर बी ते बोट गेलंय. तेवढं करा."

मी हो म्हणालो. निघताना तिनं मेंढीचं दूध घालून चहा दिला आणि मी तो प्यालो.

मी मायला सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीला सांगू असं ठरवलं, मग तिची तब्येत बरी नव्हती, मग नव्या वहिनीसमोर कसं बोलायचं हा प्रश्न होता. आज मला ही सगळी कारणं एकसारखीच दिसतात. माय गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत ती त्या कोपऱ्यातल्या लेकराला हाका मारायची. मी तिच्या उशाशी बसून ऐकत होतो.

दादाला तर सांगायची वेळ आपण होऊन चालून आली होती. माझी बदली लासूरला झाली तेव्हा तो गावाकडच्या लग्नाला जाताना माझ्या दवाखान्यात आला. टेबलावर हाडांची पेटी उघडी होती. त्यानं हात घालून नेमकी ती नळी उचलली. मेंढराच्या घरचा माणूस, त्याला अंगठा फिरवायचीही गरज नव्हती.

"कोकराची नळी," तो म्हणाला. "कुठली ही?"

तो माझ्याकडे बघत होता. मला आजही वाटतं की त्याला उत्तर माहीत होतं आणि त्याला ते माझ्याकडून ऐकायचं होतं.

"दवाखान्यातलीच," मी म्हणालो.

त्यानं ती जपून जागेवर ठेवली. "चहा सांग," म्हणाला. त्यानंतर तो वीस वर्षं जगला आणि आम्ही पुन्हा त्या विषयावर आलो नाही.

वहिनी गेल्याची बातमी मला तिकडच्याच एका माणसाकडून कळली, तीसुद्धा दहावं-तेरावं होऊन गेल्यावर.

जबडा माझ्या टेबलावर आल्यानंतरच्या रविवारी मी पुतण्याच्या घरी गेलो. घर पाडल्यापासून ते भाड्यानं राहतात. पुतण्या स्वतः आता म्हातारा झाला आहे, त्याचे गुडघे धरतात. त्याची बायको आणि जबडा आणणारा मुलगा घरी होते. मी खिशातून नळी काढली, पिशवीतून जबडा काढला, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढंच, त्याच क्रमानं.

मग पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही तेव्हा खरं बोलला असता, तर माझी आई आपल्या घरात आली नसती."

"नसती."

"म्हणजे मीही नसतो."

तो रागावला होता की नाही मला कळलं नाही. तो उठून खिडकीशी गेला, परत आला. "आई शेवटपर्यंत त्या कोपऱ्याला घाबरायची," तो म्हणाला. "मला लहानपणी तिकडं खेळू द्यायची नाही. तुम्ही बघत होता."

"बघत होतो."

त्याच्या बायकोनं टेबलावरच्या जबड्याला बोट लावलं. जुनं घर पडेपर्यंत दर अमावास्येला ती दूध ठेवत आली होती, सासूनं शिकवलं तसं. "मग इतकी वर्षं आपण दूध ठेवलं ते कुणाला?" तिनं विचारलं.

"कोकराला," मी म्हणालो. "दुधावरच वाढलेलं होतं ते."

कुणी हसलं नाही. मीही हसण्यासाठी म्हणालो नव्हतो.

नातवानं जबडा उचलून पुन्हा पिशवीत ठेवला, या वेळी जरा जपून. "आजोबा," तो म्हणाला, "त्या आजींचं नाव काय होतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. ती गेल्यापासून माय तिला 'ती' म्हणत असे आणि दादा काहीच म्हणत नसे. पुतण्या आयुष्यभर 'आधीची' असं ऐकत आला होता. मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती, दीर भावजयीला नावानं हाक मारत नाही.

मी नाव सांगितलं. इथं लिहीत नाही, कारण तिची परवानगी घ्यायची वेळ निघून गेली आहे. पुतण्यानं ते ऐकलं आणि एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग बायकोला म्हणाला, "येत्या अमावास्येला वाटी ठेवशील ती त्या नावानं ठेव."

"कोपरा कुठं राहिलाय आता?" ती म्हणाली. "तिथं खांब उभा राहिला."

"खांबाशी ठेव," तो म्हणाला.